ओढा एक, खाती अनेक

श्रोतेहो, नमस्कार.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि त्याच दिवसांत सावित्रीने महाड बुडवले. त्यानंतर कारणांची चर्चा पुष्कळ झाली आणि नदीपात्रांतला गाळही काढला गेला. या शहरांच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या उतारावर आणि पायथ्याशी ज्या वाड्या आहेत, त्यांचा प्रश्न मात्र जरा वेगळा आहे. ओढ्याचा वेग कमी करावा, उतारावरची माती जागेवर धरावी, काठ झाडांनी बांधावा, बुजलेली तळी पुन्हा मोकळी करावीत, असे गावाने ठरवले, तर त्या कामासाठी अनुदान कोठून मिळवायचे? आजच्या भाषणात मी एवढ्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

निसर्गाच्या आधाराने पूर कमी करण्याची कामे अशा नावाचे लेखाशीर्ष शोधत एखादी ग्रामपंचायत पंचायत समितीच्या कार्यालयात गेली, तर ती बहुधा रिकाम्या हाताने परत येईल. पैसा आहे, पण तो मृद व जलसंधारण, रोजगार हमी, वनीकरण, जैवविविधता, आपत्ती सौम्यीकरण आणि कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व अशा निरनिराळ्या नावांखाली विखुरलेला आहे. यातले कोणतेही एक खाते आपला संपूर्ण ओढा स्वीकारणार नाही. म्हणून संपूर्ण ओढ्याचा आराखडा गावाने स्वतःजवळ ठेवावा आणि त्याचे तुकडे त्या त्या खात्याला मानवतील अशा रीतीने मांडावेत, हे माझ्या मते अनुदान शोधण्याचे खरे काम आहे.

हे असे का झाले, याचे कारण आपल्या इतिहासात आहे. महाराष्ट्राच्या पाणीविषयक धोरणावर १९७२ च्या दुष्काळाचा ठसा आहे. रोजगार हमी त्या काळात उभी राहिली, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही १९७२ मधलीच. त्यानंतरच्या पाणलोट कार्यक्रमांना राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या अवर्षणग्रस्त गावांचे आदर्श मिळाले. साहजिकच बहुतेक योजना टंचाई किती, टँकर किती लागतात, विहिरींची पातळी किती खाली गेली, असे विचारतात. पूर किती येतो, हे विचारणारे फार थोडे. कोकणातल्या गावांनी यामुळे निराश होण्याचे कारण नाही, कारण जुलैमध्ये ज्या ओढ्याला पूर येतो, त्याच ओढ्याकाठच्या वाडीला एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रस्तावात या दोन्ही गोष्टी लिहिल्या, तर टंचाईसाठी आखलेली योजना पुराच्या कामालाही प्रामाणिकपणे लागू पडते. यात कोणतीही चलाखी नाही, कारण उतारावर थांबलेले पाणी दोन्ही हिशेबांत धरले जाते.

आता माथ्यापासून सुरुवात करू. माथ्यावरची जमीन वन विभागाची असेल, तर संयुक्त वन व्यवस्थापन समिती हा एक मार्ग आहे. वनहक्क कायदा २००६ खाली गावाला सामूहिक वनहक्क मिळाले असतील, तर ग्रामसभेचा अधिकार आणखी भक्कम होतो. लहान जलसाठे, पाणी अडवण्याची आणि जिरवण्याची छोटी बांधकामे अशा ठरावीक सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वापरू देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. त्यासाठी तोडाव्या लागणाऱ्या झाडांची संख्या हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त असता कामा नये. ही तरतूद अनेक गावांना माहीत नसते आणि वनजमीन आहे म्हणून काहीच होणार नाही असे समजून काम पहिल्याच पायरीवर सोडून दिले जाते.

कोकणातली खरी अडचण मात्र मालकी जमिनीची आहे. तिथल्या डोंगरउताराचा मोठा भाग खासगी असून सातबारावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात, आणि त्यांतले निम्मे मुंबई-ठाण्याला राहतात. कोणतेही खाते किंवा कंपनी जमीनमालकांच्या लेखी संमतीशिवाय पैसे देणार नाही, आणि दिले तरी पुढे वाद उभा राहील. म्हणून संमतिपत्रांचे काम गणपतीत किंवा शिमग्याला, चाकरमानी गावी आलेले असताना उरकावे. गावाच्या मुंबईतल्या मंडळालाही यात पहिल्यापासून घ्यावे, कारण लोकवाट्याची, म्हणजे खर्चातल्या गावाच्या स्वतःच्या वाट्याची, रक्कम उभी करण्यात मंडळाची वर्गणी सर्वांत लवकर हाती येते.

उतारावर कोणते काम करावे, याबाबत एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. देशावर उपयोगी ठरलेले सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत खणलेले चर, कोकणातल्या तीव्र उतारावर, जाड मातीच्या थरात डोळे मिटून खणणे धोक्याचे ठरू शकते, कारण तेथे जास्त पाणी मुरले तर तो थरच घसरण्याची शक्यता असते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये ही गावे दरडीखाली गेली, हे आपण विसरू शकत नाही. त्यामुळे आराखडा कागदावर येण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिकाकडून जागेची पाहणी करून घ्यावी. त्यांचा लेखी अभिप्राय प्रस्तावाला जोडला, तर निधी देणाऱ्यांचाही विश्वास बसतो.

ओढ्याच्या वरच्या टप्प्यातले अनघड दगडी बांध, तारेच्या जाळीत दगड भरून केलेले गॅबियन बंधारे, काठावर वाळा, बांबू, करंज यांची लागवड ही सारी मजुरीप्रधान कामे असल्यामुळे ती रोजगार हमीत चांगली बसतात. २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण ६० आणि ४० असे होते. सिमेंटचे मोठे काम या प्रमाणात बसवताना ओढाताण होते, तर माती, दगड आणि रोपे यांचे काम सहज बसते. रोजगार हमीच्या कायद्याची नावे आणि नियम काळानुसार बदलत आले आहेत, तेव्हा त्या वर्षीचे नियम आणि कामांची यादी तालुक्यातून आधी मागून घ्यावी. पावसाळ्यानंतर वाहत्या ओढ्यात पोती भरून घातलेला वनराई बंधारा तर जवळजवळ श्रमदानावरच उभा राहतो. तो पूर थांबवत नाही, उन्हाळ्याचे पाणी लांबवतो. तरीही तो बांधून दाखवावा, कारण अनुदान देणाऱ्याला सर्वांत आधी दिसते ते गावाने आपल्या हाताने काय केले आहे.

नाबार्ड या राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेच्या पाणलोट कार्यक्रमांमागे हेच तत्त्व आहे. १९९९-२००० मध्ये नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी स्थापन झाला, तेव्हा महाराष्ट्रात आधीच चाललेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचा अनुभव हाताशी होता. त्या कार्यक्रमात अकुशल मजुरीच्या १६ टक्के इतका वाटा गावाने श्रमदानातून द्यावा लागत असे, आणि गावाची पाणलोट समिती हिशेब ठेवू शकते की नाही हे छोट्या क्षेत्रावर तपासल्यावरच मोठी रक्कम सुटत असे. अशी अट जाचक वाटते, पण ज्या गावांनी ती पाळली त्यांना पुढच्या प्रत्येक प्रस्तावात सांगण्यासारखे काहीतरी मिळाले.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या पैशाकडे वळू. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालावधीतल्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करायचा, होता, आणि त्यातला निम्मा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी राखलेला होता. उरलेल्या अबंधित भागातून गावाच्या गरजेची इतर कामे घेता येत. नव्या आयोगाच्या अटी त्या त्या वेळी पाहाव्यात, पण एक गोष्ट बदलत नाही: जे काम ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात नोंदलेले नाही, त्यावर हा पैसा खर्च होत नाही. आराखड्याची जमवाजमव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमारास सुरू होते. त्या सभेत ओढ्याचा विषय निघाला नाही, तर पुढचे वर्ष हातचे गेले असे समजावे.

आपत्तीच्या निधीविषयी गैरसमज फार आहेत. पूर आल्यावर मिळते ती मदत एवढेच बहुतेकांना माहीत असते. १५ व्या वित्त आयोगाने राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनासाठीच्या रकमेतला ८० टक्के भाग प्रतिसादासाठी आणि २० टक्के भाग सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्ती येण्यापूर्वीच्या कामांसाठी, वेगळा काढला. हा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. एका वाडीने एकटीने जाण्यापेक्षा एकाच ओढ्यावरच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी एकत्र ठराव केले, तर तेथे दखल घेतली जाण्याची शक्यता अधिक असते.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीवर मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत लोटे परशुराम, महाड, रोहा अशा औद्योगिक वसाहती नद्यांच्या खोऱ्यांतच आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करायची असते. माती आणि पाण्याची गुणवत्ता, नैसर्गिक संसाधनांचे संवर्धन आणि आपत्ती व्यवस्थापन हे विषय कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत, आणि कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. पैसा ज्या संस्थेमार्फत खर्च होणार, तिला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. आयकर कायद्याखालची नोंदणीही लागते. गावातल्या मंडळाकडे हे कागद नसतात, म्हणून आधीपासून नोंदणी असलेल्या विश्वासू संस्थेशी लेखी करार करणे सोयीचे. प्रस्ताव मार्चच्या तोंडावर नेण्याची चूक करू नये. त्या सुमारास शिल्लक पैसा संपवण्याची घाई असते आणि बाके, फलक, पाण्याची टाकी अशी झटपट दिसणारी वस्तू पदरात पडते. ओढ्याचे काम तीन वर्षांचे असते. कायद्यानुसार चालू प्रकल्प सुरू झालेल्या वर्षानंतर आणखी तीन आर्थिक वर्षे चालू शकतो. त्यामुळे पहिल्या बैठकीतच तीन वर्षांचा हप्तेवार कार्यक्रम मांडावा.

परदेशातल्या मराठी मंडळींकडून गावासाठी मदत येते, तीविषयीही एक काळजी घ्यावी. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची किंवा तिथल्या नोंदणीकृत मंडळाची देणगी तशी ठरते. ती घेण्यासाठी संस्थेला विदेशी योगदान कायद्याखाली परवानगी असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही, त्यामुळे आधी स्वीकारू आणि मग पाहू हे धोरण येथे चालणार नाही.

खाडीकाठच्या गावांनी कांदळवन प्रतिष्ठानाच्या योजनांची माहिती घ्यावी, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही अद्ययावत ठेवावी, कारण देवराई, पाणथळ जागा, तिवरे यांचा पहिला लेखी पुरावा तीच असते.

प्रस्तावात काय लिहावे, यापेक्षा काय लिहू नये हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आमच्या कामाने पूर थांबेल, असे लिहू नये. उतारावरची झाडे, दगडी बांध आणि पाणथळ जागा यांमुळे नेहमीच्या पावसातला लोंढा मंदावतो, पुराचे शिखर उशिरा येते, माती कमी वाहते. २२ जुलै २०२१ सारख्या पावसात या कामांचा परिणाम फारच थोडा उरतो. हे स्पष्ट लिहिल्याने प्रस्ताव दुबळा होत नाही. तांत्रिक समितीतला अभियंता ते जाणतोच. उलट कोणत्या घराच्या जोत्यापर्यंत कोणत्या वर्षी पाणी आले, शाळेचा साकव किती दिवस बंद राहिला, महसूल मंडळातल्या महावेध या स्वयंचलित हवामान केंद्रावर त्या दिवशी किती पाऊस नोंदला गेला, अशा नोंदी पानभर जोडाव्यात. काम झाल्यावर याच खुणांशी तुलना करता येईल.

देखभालीसाठी मात्र जवळजवळ कोणीच पैसे देत नाही. जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च झाले, तरी गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्याचे आणि भूजलपातळी वाढवण्याचे उद्दिष्ट फारसे साधले नाही, असा निष्कर्ष महालेखापरीक्षकांच्या २०२० मधल्या अहवालात आला. त्यावर राजकीय वाद झाला, होणारच होता. पण पहिल्या दोन पावसाळ्यांत गाळाने भरलेला बंधारा कोणी उपसायचा, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या योजनेला चुकलेला नाही. म्हणून पहिला हप्ता येण्याआधी ग्रामसभेने ओढ्याचे काम पाहणाऱ्या समितीच्या नावे वेगळे बचत खाते उघडावे, लोकवाट्यातला ठरावीक भाग त्यात ठेवावा, आणि बांबूतोडीचे किंवा तळ्यातल्या मासेमारीच्या लिलावाचे उत्पन्न त्याच खात्यात जमा होईल असा ठराव करावा. त्या ठरावाची प्रत, संमतिपत्रे आणि भूवैज्ञानिकाचा अभिप्राय एकाच फाइलमध्ये, तीन प्रतींत तयार असावा: एक ग्रामपंचायतीत, एक समितीच्या अध्यक्षांकडे आणि एक मुंबईच्या मंडळाकडे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी बदलले, तरी पुढच्या अर्जाच्या वेळी सुरुवात पुन्हा पहिल्या कागदापासून करावी लागणार नाही.