सीसराची आई झरोक्यात

आज मी हिब्रू शास्त्रातल्या एकाच बाईविषयी बोलणार आहे. तिला नाव नाही. ‘शास्ते’ या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात ती जेमतेम तीन वचनांपुरती येते.

प्रसंग थोडक्यात सांगते. सीसरा हा कनानी राजा याबीनचा सेनापती. त्याच्याकडे 900 लोखंडी रथ, आणि इस्राएल लोक 20 वर्षं त्याच्या जाचाखाली. शेवटी दबोरा या संदेष्टीच्या सांगण्यावरून बाराक हा इस्राएली सरदार ताबोर डोंगरावरून सैन्य घेऊन उतरतो, रथांची धूळधाण होते, सीसरा पायी पळत याएल नावाच्या बाईच्या तंबूत शिरतो. तो पाणी मागतो, ती दूध देते. तो झोपला की त्याच्या कानशिलात तंबूची मेख ठोकते.

हा तपशील आदल्या, चौथ्या अध्यायातला; पाचवा अध्याय म्हणजे दबोराचं विजयगीत, आणि सीसराचा शेवट त्यातही येतो. तो याएलच्या पायांशी कोसळला, तिथंच गीत संपलं असतं तर कुणाला काही कमी वाटलं नसतं. पण पुढच्याच ओळीत आपण एकदम शत्रूच्या घरी असतो. झरोक्याशी एक आई उभी आहे. ‘त्याच्या रथाला एवढा उशीर का?’ असं विचारते आहे. उत्तर आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही.

तिच्या भोवतीच्या शहाण्या बायका तिची समजूत घालतात, आणि तीही स्वतःला तेच सांगते: लूट वाटत असतील, एकेका पुरुषाला एकेक, दोनदोन पोरी. इथं ‘पोरी’साठी आलेला हिब्रू शब्द आहे ‘रहम’. त्याचा अर्थ कूस. एक कूस, दोन कुशी! करुणेचा हिब्रू शब्द याच धातूतून येतो, आणि आपण ‘रहम कर’ म्हणतो तो अरबीतून आलेला शब्दही याच कुळातला. म्हणजे ही आई दुसऱ्यांच्या लेकींच्या विटंबनेत स्वतःचा धीर शोधते आहे. तिला निरागस ठरवायची माझी तयारी नाही. काही अभ्यासक म्हणतात, दबोरा तिची टवाळी करते आहे. असेलही. पण टवाळीसाठी का होईना, तिच्या शेजारी उभं राहून त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहावं लागलंच ना?

पुढची गोष्ट मला सगळ्यात हलवून टाकते. ज्यूंच्या नववर्षाला शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकायचं असतं. त्याचा ‘तेरुआ’ हा स्वर नेमका कसा काढायचा, हा प्रश्न तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू पंडितांच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, येतो. शास्त्राच्या जुन्या अरामी भाषांतरात तेरुआला रडण्याचा शब्द वापरला आहे. मग रडणं म्हणजे कसं? रामा गावी लेकरांसाठी रडणारी राहेल, त्या पंडितांची स्वतःची आई, शास्त्रात हाताशी होती. पण तो शब्द सापडला सीसराच्या आईच्या त्या वचनात, आणि ते पंडित तिच्याकडे गेले. एक म्हणाला, ती उसासे टाकत कण्हली. दुसरा म्हणाला, ती हुंदके देत राहिली. निवाडा झाला नाही, म्हणून पुढे दोन्ही फुंकायची रीत पडली. मागाहून शोफारच्या 100 स्वरांचं नातंही तिच्या 100 आक्रोशांशी जोडलं गेलं.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू नववर्षाला ‘नव्याचा सण’ म्हणत आले. त्या दिवशी सिनगॉगमध्ये शोफार ऐकायला मिळाला, तर कान देऊन ऐका. आधी तीन उसासे, मग नऊ बारीक हुंदके.