एका पावलातला वेग

(दृश्य : सकाळचं ऊन. पुण्यातलं एक कॉलेजचं मैदान. मुरमाच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, पिचर (बेसबॉलमधला चेंडू फेकणारा) उभा आहे.)

पीवायसीचं मैदान असो की नेहरू स्टेडियम, पुणेकर वेगवान गोलंदाज ओळखतात ते त्याच्या रनअपवरून. बेसबॉलच्या पिचरला रनअपच नाही. माउंडमध्ये पुरलेल्या रबरी पट्टीला पाय टेकवायचा आणि तिथूनच, एका पावलात, जेमतेम साडेअठरा मीटरवर, फलंदाजापाशी जमिनीत बसवलेल्या होम प्लेटकडे चेंडू सोडायचा. तरीही जगातले सर्वांत वेगवान पिचर ताशी 160 किलोमीटरच्या पुढे जातात. हाताकडे बघून हा वेग कळणार नाही. मागचा पाय बघा.

(दृश्य : मागचा बूट, अगदी जवळून, संथ गतीत.)

पुढचा पाय उचलला की सगळा भार मागच्या पायावर. गुडघा किंचित वाकलेला, भार बुटाच्या आतल्या कडेकडे. आधी खुबा पुढे सरकतो, खांदे मागेच राहतात. मग पाय जमिनीला रेटतो आणि जमीन तेवढ्याच जोराने शरीराला पुढे ढकलते.

पण नुसतं रेटून भागत नाही, आणि मुलं नेमकी इथेच अडतात. गुडघा आत वळायला हवा, टाच उचलत बाहेर फिरायला हवी, तरच कंबर फलंदाजाकडे वळते. तेवढ्यात पुढचा पाय रोवला जातो. कंबर वळलेली, खांदे अजून वळायचेत. त्या निमिषभरात पोटाचे तिरके स्नायू कचकन ताणले जातात, आणि तो ताण धडातून खांद्यात, कोपरात, बोटांत उतरतो. मला तर अख्ख्या खेळातला हाच क्षण सर्वांत देखणा वाटतो.

न्यूयॉर्क मेट्स या अमेरिकन संघाचा पिचर टॉम सीव्हर इतका खाली बसून रेटायचा, की त्याचा उजवा गुडघा मातीने माखायचा. सगळ्यांनी तसंच करावं असं नाही. उंच राहून फेकणारेही उत्तम पिचर आहेत.

(दृश्य : रबरी पट्टीपुढची माती.)

ही रेघ मागच्या बुटाच्या टोकाने ओढली आहे. ती फारच बाजूला भरकटली, तर रेटा तिरका गेला असं समजायला जागा आहे. पायातून न मिळालेला जोर मुलगा मग हाताने भरून काढतो, आणि वाढत्या वयातल्या कोपराला ते सोसत नाही. कोपर दुखतंय म्हणाला तर त्याचं फेकणं थांबवा, डॉक्टरांना दाखवा. परत आला की चेंडू हातात देण्याआधी एका पायावरच्या बैठका आणि डावी-उजवीकडे मारायच्या उड्या करून घ्या.