डॉन कॉर्लिओने बोलतो ती भाषा पुझोच्या आईची

नमस्कार मंडळी! 'गॉडफादर'मधला डॉन डोळ्यांसमोर आणा. अंधारी खोली, मांडीवर मांजर आणि आवाज न चढवता एकेकाचा निकाल लावणं. (मांजर कादंबरीत नाही बरं का, ते शूटिंगच्या वेळी आलं!) आता गंमत ऐका. हा डॉन ज्याने लिहिला, त्या मारिओ पुझोला तोवर एकही खरा गुंड भेटलेला नव्हता. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, वर म्हणतो, सांगायला लाज वाटते.

मग डॉनचा तो दरारा आला कुठून? आईकडून.

पुझोचा जन्म १९२०चा, न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीतला. आईवडील दक्षिण इटलीतून आलेले. वडील रेल्वेच्या रुळांवर मजुरी करायचे. मारिओ १२ वर्षांचा असताना त्यांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं आणि पोरांचं अख्खं लटांबर आईने एकटीने ओढलं. मारिओला व्हायचं होतं लेखक. आईची उडी रेल्वेतल्या कारकुनापर्यंत, आणि त्याहून कमी मिळालं असतं तरी तिने चालवून घेतलं असतं!

१९६५ साली त्याची दुसरी कादंबरी आली, 'द फॉर्च्युनेट पिलग्रिम'. लिहायला बसला तेव्हा नायक तो स्वतः होता. पण लिहिता लिहिता आईनेच पुस्तक ताब्यात घेतलं. समीक्षकांनी वाखाणलं, खिशात मात्र फारसं काही पडलं नाही. घरी बायको, पाच मुलं. त्यात जुगाराचा नाद. नातेवाईक, बँका, बुकी मिळून २०,००० डॉलरचं देणं! प्रकाशकांकडून कानावर आलं होतं की या पुस्तकात माफिया जरा जास्त असता तर खपलं असतं.

ठीक आहे, म्हणाला, माफिया तर माफिया. पुटनम या प्रकाशनसंस्थेच्या संपादकांना तासभर माफियाचे किस्से ऐकवले आणि ५,००० डॉलरचा ॲडव्हान्स घेऊन बाहेर पडला. १९६९ साली 'गॉडफादर' आली आणि ६७ आठवडे न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत राहिली.

पुढे त्याने सांगून टाकलं, की डॉन तोंड उघडायचा तेव्हा मला आईचाच आवाज ऐकू यायचा. तिचं शहाणपण, तिचा निष्ठुरपणा, घरच्यांसाठी काहीही करायची तयारी. जी बाई खपली नाही, तिला कोट चढवून माफियाच्या गादीवर बसवली, आणि जगाने डोक्यावर घेतली. मला तरी यात थोडा अन्यायच दिसतो.

सिनेमाचं झटपट सांगतो. दिग्दर्शक कपोलाबरोबर पटकथा, पहिल्या आणि दुसऱ्या भागासाठी दोन ऑस्कर, १९७८च्या 'सुपरमॅन'ची कथासुद्धा याचीच. आपल्याकडे मुंबईत घडणारा 'सरकार' याच कादंबरीवरून सुचलेला. ऑस्कर मिळाल्यावर पुझोने म्हणे पटकथालेखन शिकायला एक पुस्तक विकत आणलं. त्यात पहिल्याच प्रकरणात सल्ला होता, 'गॉडफादर'चा अभ्यास करा!

१९९९ साली तो गेला. पण मला त्याचा सगळ्यात आवडता किस्सा आहे 'गॉडफादर'च्या पेपरबॅक हक्कांचा. रक्कम ठरली ४,१०,००० डॉलर. त्याने आईला फोन लावला. ती म्हणाली, चाळीस हजार? नाही गं, चार लाख दहा हजार. तीनदा सांगावं लागलं. मग ती म्हणाली,

"कुणाला सांगू नकोस."

आता बोला, हा डॉन नाही तर कोण?