पुष्पक: चाकं टेकल्यानंतरची गोष्ट

(दृश्य: इंदूरची बिजासन टेकडी, संध्याकाळ. समोर विमानतळाची धावपट्टी.)

मुंबईचं विमान उतरतंय. चाकं टेकली की आतले लोक मोबाइल काढतात. आमचे काका मात्र विमानात बसले की ते पुरतं थांबेपर्यंत तोंड उघडत नाहीत, आणि त्यांचे पाय पुढच्या सीटखाली आपोआप हलत राहतात. ही खोड पुष्पकनं लावलेली. त्याच विमानावर ते इथं इंदूरला उडायला शिकले.

(दृश्य: पुष्पकचं जुनं छायाचित्र.)

पुष्पक म्हणजे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचं दोन सीटचं विमान. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या चमूनं घडवलेलं, २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडालेलं. नळ्यांचा सांगाडा, वर ताणलेलं कापड, पुढे ९० अश्वशक्तीचं इंजिन. एवढी ताकद आज घरच्या गाडीलाही असते. त्यात इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर. मे महिन्याच्या दुपारी हवा विरळ झाली की दोघांना घेऊन चढताना विमान धापा टाकायचं. म्हणून शिकवणी पहाटेची.

इंजिनाला स्टार्टर नाही. पंखा हातानं फिरवायचा. काका लाकडी फूटपट्टी घेऊन दाखवतात: तळवा पात्यावर सपाट, बोटं कडेवर मुडपायची नाहीत. इंजिननं उलटा हिसका दिला तर बोटं जायची. अंगात सैल झब्बा नको, पायात चप्पल नको, आणि ओढता ओढताच मागे सरायचं.

उडणं त्यामानानं सोपं. खरी परीक्षा जमिनीवर.

(दृश्य: भाजीची हातगाडी.)

हातगाडी ओढत नेली तर मुकाट मागे येते. ढकलत नेली की तोंड फिरवते. पुष्पकसारख्या, शेपटीला चाक असलेल्या विमानाचं तसंच आहे. मुख्य चाकं पुढे आणि वजन त्यांच्या मागे. शेपूट जरा बाजूला सरकली की मागचं वजन तिला आणखी ढकलतं, आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. याला म्हणतात ग्राउंड लूप. नाकाखाली चाक असलं की वजन मुख्य चाकांच्या पुढे येतं आणि विमान आपसूक सरळ होतं. मग ही उलटी रचना का? वजनाला हलकी, खडबडीत मैदानात चालणारी, पंखा जमिनीपासून उंच ठेवणारी. कारणं खरी आहेत, पण हौशी मंडळी या विमानांना ‘खरं उड्डाण’ म्हणतात तेव्हा मला हसू येतं. टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाला तर मुळात ब्रेकच नव्हते. जमिनीवर समोरचं दिसायचं नाही, म्हणून नागमोडी चालवत दोन्ही बाजूंनी डोकावायचं.

(दृश्य: काकांचे हात, जवळून.)

काका तेव्हा नुकतेच एकटे उडायला लागले होते. लँडिंग इतकं अलगद झालं, की मास्तरांनी पाहिलं का म्हणून त्यांनी हँगरकडे मान वळवली. बाजूचा वारा शेपटीवर बसला. रडरवर, म्हणजे पायानं फिरवायच्या शेपटीच्या सुकाणूवर, पाय पोचेपर्यंत विमान उलट्या दिशेला तोंड करून उभं, आणि पंखाचं टोक जमिनीला घासून कापड वीतभर फाटलेलं.

कोणी ओरडलं नाही. हँगरमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी फक्त विचारलं, ‘‘शिवता येतं का?’’ आणि हातात सुई दिली. फाटलेलं शिवायचं, वर ठिगळ, मग डोपचे, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या लेपाचे, हात. त्या डोपचा वास दोन दिवस बोटांना होता. आजीनं ताट वाढलं, पण म्हणाली, ‘‘तू आपला ओसरीवर बसून जेव.’’