आडनाव काय म्हणालात?

(दृश्य : पऱ्हाटीचं वावर, सकाळ. कापूस वेचणारे हात.)

अमरावती जिल्हा. कापसाचा वेचा सुरू आहे. कमरेला बांधलेली ओटी, एका झटक्यात बोंडातून सुटणारा कापूस आणि नखांच्या कडेला ओरखडे काढणारी बोंडाची वाळकी टोकं. या चित्रफितीत मावशींचे फक्त हात दिसतील. चेहरा दाखवायचा नाही, गावाचं नाव घ्यायचं नाही, ही त्यांच्या मुलाची अट. मुलगा कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अडीच एकराच्या वावरात आईनं आता राबू नये असं तो म्हणतो. मावशी ऐकत नाहीत. त्याची जात ऑफिसात कुणाला माहीत नाही. निदान त्याला तसं वाटतं.

(दृश्य : ओसरी. स्टीलच्या डब्याला टेकवलेला मोबाइल, व्हिडिओ कॉल.)

इथे सकाळचे साडेसात, तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात. "जय भीम, माय." मग तब्येत, कापसाचा भाव, धाकटीचा अभ्यास. आणि मग, आम्ही सुचवलेला नसताना, मावशींचा प्रश्न : "तिकडं बी आडनावच इचारतात काय रे बाप्पा?"

विचारतात, पण वळणानं. मूळचे कुठले? अमरावती. अमरावतीत कुठे? गावात घर कोणत्या बाजूला? व्हेज की नॉनव्हेज? पाठीवर शाबासकीची थाप पडते आणि हात खांद्यावर जरा रेंगाळतो, शर्टाखाली जानवं लागतं का ते चाचपत. विदर्भातल्या माणसाचं तर आडनावातच भागतं. वासनिक, गजभिये, रामटेके म्हटलं की नागपूरकडच्या माणसाला पुढे काही विचारावं लागत नाही. गोऱ्या मॅनेजरला मात्र त्यातून काहीच कळत नाही, त्याच्या लेखी सगळे इंडियन सारखे. म्हणून तक्रार घेऊन गेलं, की जात म्हणजे काय इथपासून शिकवणी घ्यावी लागते. तोवर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो शेजारच्या खुर्चीवर बसून सांगतो, आमच्याकडे हे सगळं कधीच संपलं.

(दृश्य : अमरावती शहर, जुन्या वस्तीतला रस्ता.)

आता बरंच मागे जाऊ. श्रीधर व्यंकटेश केतकर, म्हणजे आपले ज्ञानकोशकार, शाळा शिकले ते याच अमरावतीत. १९०६ साली ते अमेरिकेला कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि तिथे बसून त्यांनी भारतातल्या जातींवर ग्रंथ लिहिला. हिंदू पृथ्वीवर इतरत्र जाऊन राहिले तर जात हा जगाचा प्रश्न होईल, असं त्यांनी त्यात म्हणून ठेवलं. पुढे ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींवरचा आपला निबंध वाचला. केतकरांची जातीची व्याख्या त्यांनी तपासली, तिच्यातली उणीव दाखवली, पण हे वाक्य मात्र उचलून धरलं. अमरावतीत शाळा शिकलेला एक ब्राह्मण आणि लष्करी सुभेदाराचा महार मुलगा, दोघांनाही ते अमेरिकेत बसून दिसलं. तिथल्या लोकांना दिसायला आणखी शंभर वर्षं लागली.

(दृश्य : मुलानं पाठवलेल्या मोबाइल क्लिप. फलक, घोषणा, माइकसमोरची रांग.)

सुरुवात विद्यापीठांपासून झाली. २०१९ मध्ये ब्रँडाइसनं भेदभावविरोधी नियमांत जात घातली, २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानं. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिअॅटल हे जातीच्या भेदभावाला बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. ठराव नगरसेविका क्षमा सावंत यांचा, मतं सहा विरुद्ध एक. त्या दिवशी नगर परिषदेत बोलायला कोण आलं होतं? कामगार संघटनांची माणसं, विद्यार्थी, शीख, मुसलमान, आंबेडकरी, आणि ठरावाच्या बाजूनं उभे राहिलेले सवर्ण हिंदूही. यामुळे सगळ्या हिंदूंकडे संशयानं बघितलं जाईल असं म्हणणाऱ्या संघटनाही होत्याच. त्यांच्याही घोषणा या क्लिपमध्ये ऐकू येतात.

मार्चमध्ये कॅनडात टोरांटोच्या शाळा मंडळानं शाळांतल्या जातीच्या जाचाची दखल घेणारा ठराव केला. मग कॅलिफोर्निया. अफगाण वंशाच्या सिनेटर आयशा वहाब यांनी जातीच्या भेदभावाला बंदी घालणारं विधेयक आणलं, दोन्ही सभागृहांत ते मोठ्या बहुमतानं पास झालं. गव्हर्नरनं सही करावी म्हणून कार्यकर्ते राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, उपोषणाला बसले.

(दृश्य : गावातलं समाज मंदिर, रात्र. हलता मोबाइल कॅमेरा.)

हे चित्रण अभ्यासिकेतल्या एका पोरानं घेतलेलं, सप्टेंबर २०२३ चं. विधेयक गव्हर्नरच्या टेबलावर होतं तेव्हाचं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी विधेयकाचं मराठी केलं, वहीत उतरवलं, आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून एकेक कलम वाचलं. ही वही जवळून बघा. खाडाखोड, समासात बाण, एका ओळीवर चहाचा डाग. मधेच लाईट गेली आणि पुढचं वाचन टॉर्चवर झालं.

दुरुस्तीनंतर जातीला स्वतंत्र जागा उरली नव्हती. ती "पूर्वजांचा वंश" (ancestry) या शब्दाखाली घातली होती. हे वाचून झाल्यावर मागून एक आजोबा म्हणतात, "म्हंजे दुसऱ्याच्या घरात भाड्यानं ठेवलं म्हना आपल्याले." मंडळी हसली. वाचणारी मुलगी पुन्हा वाचायला लागते, तर भिंतीजवळची एक बाई तिला थांबवते. तिचं म्हणणं असं : आपल्याकडे १९८९ पासून ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यात खैरलांजी झालं, एका घरातली चार माणसं मारली गेली, आणि कोर्टानं तो कायदा लावलाच नाही. मग तिकडच्या कागदाचं एवढं कौतुक काहून? आणि गावातल्या हापशीचं काय?

बैठक त्यावर बराच वेळ चालली. ती चर्चा मोबाइलमध्ये पुरती आलेली नाही, आणि हापशीपर्यंत आमचा कॅमेरा गेला नाही.

पण या बैठकीची घडण बघा. समाज मंदिरात सतरंजी टाकायची, कागद मोठ्यानं वाचायचा, ज्याला विचारायचं त्यानं उठून विचारायचं, शेवटी निवेदन लिहून तहसीलवर न्यायचं. मावशींच्या मुलाची पहिली भाषणं इथेच झाली, भीमजयंतीला. सॅक्रामेंटोत तो माइकवर आला नाही, व्हिसाची भीती होती. त्यानं रांगेतल्या लोकांसाठी मुद्दे लिहून दिले. त्याचं इंग्रजी चांगलं आहे आणि निवेदन कसं लिहायचं ते त्याला आधीपासून येतं.

(दृश्य : वर्तमानपत्राचं कात्रण.)

७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी विधेयक फेटाळलं. आहे त्या कायद्यात हे येतंच, नव्याची गरज नाही, असं कारण दिलं. त्याच राज्यातल्या फ्रेस्नो शहरानं मात्र त्याआधीच, २८ सप्टेंबरला, जात आपल्या नियमांत घेतली होती.

(दृश्य : तालुक्याचं सेतू केंद्र. संगणकासमोर धाकटी, पाठमोरी.)

ही मावशींची धाकटी. तिला शिक्षणशास्त्रात मास्टर्स करायचंय, बाहेर. अर्ज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मिळून अख्ख्या महाराष्ट्रातून वर्षाला ७५ जागा. टोरांटोच्या शाळा मंडळाचा ठराव तिनं वाचलाय, म्हणून तिच्या यादीत टोरांटो पहिलं. भावानं फोनवर सुचवलं होतं, पासपोर्टआधी राजपत्रात आडनाव बदलून घे, गावाच्या नावाला "कर" लाव, पुढं सोपं जातं. तिनं अर्जात आहे तेच आडनाव टाकलंय. उत्पन्नाचा दाखला मिळाला. पासपोर्टची पोलीस पडताळणी बाकी आहे.