मनीवरचा आळ

(दृश्य: सांगली. कृष्णाकाठचं जुनं घर. ओट्यावर मांजर.)

ही मनी. दिवसभर ओट्यावर असते, रात्री थोरलीच्या गोधडीत शिरते. थोरली नववीत आहे. पहाटे उठली की शिंकांवर शिंका, डोळे लाल, नाक चोंदलेलं. गेल्या पावसाळ्यापासून छातीत सूं सूं आवाजही येऊ लागला.

शेजारीपाजारी सांगतात, मांजर पोत्यात घाला आणि लांब सोडून या. एका दवाखान्यातही काही न तपासता हाच सल्ला मिळाला. आम्हाला तो पटत नाही. दोष मनीचा असेलही, पण या घरात संशय घ्यावा असं बरंच काही आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी या भिंतींना लागलं होतं; त्यांना दर पावसाळ्यात ओल येते, बुरशी धरते. जुन्या गाद्यांमध्ये धुळीतले सूक्ष्म किडे, म्हणजे माइट्स, असतातच. वडील हळदीच्या अडतीवर कामाला. संध्याकाळी घरी येतात ते अंगावर पिवळी धूळ घेऊनच.

(दृश्य: डॉक्टरांची खोली.)

डॉक्टरांनी सुईला हात लावण्याआधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले.

“मांजर नसलेल्या घरी कधी राहिलीस का, बाळ?”

“दिवाळीत, वाईला. मावशीकडं दहा दिवस.”

“तिथं शिंका?”

“तिसऱ्या दिवसापासून नाहीत. परत आले त्या रात्री पुन्हा सुरू.”

आई मध्येच म्हणाली, “पण डॉक्टर, मावशीकडं भिंतींना ओलही नाही.” मुद्दा बिनतोड होता. तो सोडवायला त्वचेवरची ॲलर्जीची चाचणी लागते.

पहिल्या दिवशी ती झालीच नाही. दोन दिवसांपूर्वी सर्दीची सेटिरिझिन गोळी दिली होती. ती पोटात असेल तर त्वचा खरं उत्तर देत नाही. आठवड्याने पुन्हा बोलावलं.

(दृश्य: हात, अगदी जवळून.)

कोपराखाली पेनाने आकडे. प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब: मांजर, माइट्स, बुरशी. आणखी दोन थेंब पडताळणीचे. एक साध्या सलाइनचा, तिथं काही उठायला नको. दुसरा हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाचा, तिथं उठायलाच हवं. नाही उठलं तर अख्खी चाचणी बाद. थेंबातून टोचणीचं हलकंसं टोक. रक्त येत नाही. मग पंधरा मिनिटं खाजवायचं नाही, आणि तेच सगळ्यात अवघड.

डास चावल्यासारख्या गांधी उठल्या. डॉक्टर पट्टीने मोजतात. सलाइनपेक्षा ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध म्हणजे पॉझिटिव्ह. मांजर ७. माइट्स ४. बुरशी काही नाही.

लोक मांजराच्या केसांची ॲलर्जी म्हणतात. खरं कारण केस नाही. ‘फेल डी १’ नावाचं प्रथिन. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तेलग्रंथींमध्ये तयार होतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात, आणि कपड्यांवरून शाळेच्या वर्गातही पोहोचतात. मांजर घराबाहेर काढलं तरी हे प्रथिन गाद्या-पडद्यांत काही महिने टिकतं. म्हणून ‘पंधरा दिवस मांजर बाहेर ठेवून बघू’ हा घरगुती प्रयोग फसवा ठरतो. थोरलीला वाईत बरं वाटलं, कारण तिथं ती स्वतःच या घराबाहेर होती.

अंगावर मोठा त्वचारोग असेल किंवा गोळ्या थांबवता येत नसतील, तर या चाचणीऐवजी रक्तातली आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं मोजतात. थोरलीची स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची फुंकून करायची चाचणीही झाली. छातीतला सूं सूं आवाज दम्याचा असू शकतो, त्याकडे काणाडोळा करून चालत नाही.

आणि आता धाकटा. पावसाळ्यात खोकतो म्हणून त्याचीही चाचणी झाली. मांजराच्या थेंबाला ५ मिलिमीटर! आईच्या पोटात गोळा आला. पण हा पठ्ठ्या मनीला गळ्यात घेऊन हिंडतो, आणि तेव्हा ना शिंक, ना खाज, ना धाप. त्याच्या शरीराने मांजराविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आहेत, आजार मात्र झालेला नाही. याला संवेदनशीलता म्हणतात. ॲलर्जी म्हणायला त्याच कारणाने होणारा त्रासही लागतो. नुसता रिपोर्ट हातात धरून निदान करणारा इथं हमखास चुकला असता.

(दृश्य: रात्र. बंद दार.)

थोरलीची खोली आता मनीला बंद. गोधडी गरम पाण्यातून निघाली, गादीला नवं आवरण आलं. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलंय. दाराबाहेर मनी पायपुसण्यावर अंगाचं मुटकुळं करून पडलीय. धाकट्याने तिला उचललं आणि आपल्या अंथरुणावर नेलं.