मुंबईचे मेजर परमेश्वरन आणि जाफन्यातली ती चकमक

नमस्कार मंडळी! परमवीर चक्र म्हटलं की आपल्याला कारगिल आठवतं, ६५ आणि ७१ आठवतं, पण श्रीलंकेतल्या लढाईसाठी एकच परमवीर चक्र मिळालं आणि ते आपल्या मुंबईत जन्मलेल्या, सायनच्या एसआयईएस कॉलेजात शिकलेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना, हे किती जणांना माहितीये?

साल १९८७. जुलैमध्ये भारत-श्रीलंका करार झाला, आपली फौज गेली ती शांतिसेना म्हणून, आणि ऑक्टोबरमध्ये एलटीटीईशीच, म्हणजे वेगळं तमिळ राष्ट्र मागणाऱ्या तिथल्या सशस्त्र संघटनेशीच, युद्ध पेटलं, त्या मोहिमेचं नाव ऑपरेशन पवन. उत्तर श्रीलंकेतला जाफन्याचा भाग कसा, तर ताडाची बनं, नारळाच्या बागा, झाडोरा, मध्येच वस्ती, पायाखाली सुरुंग असू शकतो आणि समोरच्याला प्रत्येक वाट पाठ.

परमेश्वरन होते ८ महारमध्ये. महार रेजिमेंट, १९४१ साली बेळगावात उभी राहिलेली, जिच्यासाठी बाबासाहेबांनी पाठपुरावा केला तीच. जवान त्यांना पॅरी साहेब म्हणायचे.

२५ नोव्हेंबर. कंतरोडाई गावात हत्यारं उतरवलीत अशी खबर, म्हणून शोधमोहीम, आणि परतताना दबा धरून बसलेल्यांनी फायरिंग सुरू केलं. आता हे नीट समजून घ्या. अँबुश लावणारा जागा स्वतः निवडतो, नेम आधीच धरून ठेवतो, म्हणजे तुम्ही तिथेच पडून राहिलात तरी मेलात आणि पळालात तरी पाठ उघडी पडते. परमेश्वरन यांनी काय केलं, तर डोकं शांत ठेवून वळसा घातला, अतिरेक्यांच्या मागे पोचले आणि तिथून तुटून पडले! अंगाला अंग भिडलं, एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली, आणि छातीत गोळी घेऊन या माणसाने त्याच्याच हातातली रायफल हिसकावली आणि त्याला ठार केलं.

मला तर त्याच्या पुढचं जास्त मोठं वाटतं. साहेब पडले की तुकडी विस्कटते ना, तर शेवटच्या श्वासापर्यंत ते ऑर्डर देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले, तीन रायफली, दोन रॉकेट लाँचर हाती लागले, अँबुश मोडला. ४१ वर्षांचे होते.

१९९० मध्ये फौज परतली तोवर अकराशेहून जास्त जवान गेले होते. राजकारण बरोबर की चूक यावर वाद घाला, जरूर घाला, पण तुमच्या गावात शांतिसेनेतून आलेले कुणी काका असतील तर त्यांना एकदा विचारा, जाफन्यात काय पाहिलं, आणि पूर्ण ऐकून घ्या.